ड्रॅगनला हरकत नाही

आकाशातून आग ओकत ड्रॅगन उतरतो. टेबलाभोवती बसलेल्या पाचसहा जणांपैकी कोणाचीही त्याला हरकत नसते. तो बोलतो, आठशे वर्षं जगतो, सोन्याच्या ढिगावर झोपतो, हेही सगळे मुकाट मान्य करतात. मग एकजण म्हणतो, "मी तलवार उपसतो," आणि लगेच समोरून प्रश्न येतो, "एका हातात ढाल, दुसऱ्यात मशाल. तलवार कुठल्या हातात धरणार?" पुढचा अर्धा तास ड्रॅगन हवेत ताटकळतो आणि खाली हातांची मोजदाद चालते.

हा खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, खेळणाऱ्यांच्या तोंडी नुसता डी अँड डी. 'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिलेल्यांना तळघरात बसून फासे टाकणारी पोरं आठवतील. पट असलाच पाहिजे असं नाही, सोंगट्याही नसल्या तरी चालतं. एकजण डंजन मास्टर होतो, म्हणजे डीएम. जग त्याचं, भुयारं त्याची, भुतंही त्याचीच. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि "मी आता असं करतो" एवढं सांगतात. ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही आणि खेळ वर्षानुवर्षं संपत नाही. पुण्यामुंबईच्या बोर्डगेम कॅफेंतही आता रविवारी अशी टेबलं जमतात.

या खेळाची नियमपुस्तकं अद्भुतरम्य साहित्य म्हणून वाचू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांतला जवळजवळ प्रत्येक चमत्कारिक नियम म्हणजे कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी टेबलावर केलेल्या आगाऊपणाचा पंचनामा आहे. खेळाडूने पळवाट काढायची, डीएमने ती बुजवायची, खेळाडूने पुन्हा शेजारी भोक पाडायचं. गेली पन्नास वर्षं हेच चाललंय.

सुरुवात 1974 सालची, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातली. गॅरी गायगॅक्स नावाचे गृहस्थ विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर घराच्या तळघरात बूट दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया लढायचे. मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन हे त्यांच्यासारखेच दुसरे. दोघांनी मिळून नियम लिहिले, छापणारा कोणी भेटेना म्हणून गायगॅक्सनी आपलीच कंपनी काढून छापले. हजार प्रती, किंमत दहा डॉलर, खोकी भरायचं काम घरचंच. त्या पहिल्या नियमांत एक सूचना होती: रानावनातून प्रवास करायचा असेल तर 'आउटडोअर सर्व्हायव्हल' नावाचा दुसऱ्या कंपनीचा खेळ विकत आणा आणि त्याचा पट वापरा. स्वतःच्या खोक्यात दुसऱ्याच्या दुकानाचा पत्ता देणारा धंदेवाईक मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

फाशांचीही तीच तऱ्हा. चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे तेव्हा खेळण्यांच्या दुकानात मिळत नसत. शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्या कंपनीकडून ते मागवावे लागत. त्यांवरचे आकडे रंगवलेले नसायचे. मेणाच्या खडूने घासून ते आपणच भरायचे. 1979 च्या सुमारास फाशांचा इतका तुटवडा पडला की खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेला कागद येऊ लागला. तो कापायचा, चिठ्ठ्या वाडग्यात टाकायच्या आणि एकेक उचलायची. आता फाशांना तोटा नाही, तर त्यांच्याभोवती सोवळंओवळं उभं राहिलंय. आमचा भाचा आपल्या वीसबाजूला कोणाला हात लावू देत नाही, कारण "मामा, त्यातलं नशीब तुम्ही वापरून टाकाल." वाईट आकडे देणारा फासा काही टेबलांवर रीतसर तुरुंगात जातो. त्यासाठी छोटे पिंजरेही विकत मिळतात.

आता मूळ भांडणाकडे वळू. पहिल्या पिढीचे खेळाडू भुयारात शिरले आणि दार दिसल्याबरोबर उघडू लागले. आत राक्षस असायचा, पात्रं मरायची. माणूस अनुभवाने शहाणा होतो, म्हणून ते दाराला कान लावून आतली चाहूल घेऊ लागले. 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये ताबडतोब एक किडा दाखल झाला. तो लाकडात राहतो आणि दाराला कान लावणाऱ्याच्या कानात शिरून अंडी घालतो. त्याचं दुसरं काही काम नाही. डीएमला चाहूल घेणाऱ्यांचा कंटाळा आला, एवढंच त्याच्या उत्क्रांतीचं कारण.

खेळाडू दारापासून लांब झाले आणि पेट्या उघडू लागले, तर पेटीच राक्षस निघाली. तिचं नाव मिमिक. ते पेटीला बिचकून छताकडे बघत चालू लागले, तर छतासारखा दिसणारा एक प्राणी अंगावर पडला. खाली बघावं तर जमिनीसारखा दिसणारा वेगळा होता. वरून लोंबणाऱ्या दगडी सुळक्यासारखा आणखी एक होता, तो डोक्यात घुसायचा. कचऱ्याच्या ढिगात हात घातला तर अळ्या कातडीत शिरून थेट काळजाकडे निघायच्या. 1980 साली तर बुंध्यावर बसलेला गोजिरवाणा ससा आला. बुंधा हाच राक्षस आणि ससा हे त्याचं आमिष. हे सुचलेल्या माणसाशी त्याच्या घरचे कसे बोलत असतील, कोण जाणे.

या सगळ्या मेळ्यात माझा लाडका तो जिलेटिनस क्यूब. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच असा पारदर्शक लिबलिबीत ठोकळा. वाटेतलं सगळं पोटात घेऊन विरघळवत तो सावकाश पुढे सरकतो. दहाच फूट का? तर भुयारांचे नकाशे चौकटीच्या कागदावर काढले जायचे आणि बहुतेक वाटा दहा फूट रुंद असायच्या. म्हणजे कागदाच्या घरात चपखल बसणारा हा प्राणी भुयारांचा झाडूवाला आहे. निसर्गात त्याची जागा काय, हे विचारू नये. कागदावरची जागा पक्की आहे.

काही राक्षसांचं मूळ याहून साधं आहे. गायगॅक्सना स्वस्त दुकानात हाँगकाँगची प्लास्टिकची खेळणी मिळाली. पिशवीवर लिहिलं होतं प्रागैतिहासिक प्राणी, पण आतले प्राणी कुठल्याच काळात पृथ्वीवर जन्मले नव्हते. त्यांतूनच घुबडाचं तोंड आणि अस्वलाचं धड असलेला आउलबेअर आला, जमिनीखालून शार्कसारखा येणारा बुलेट आला आणि लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टरही आला. हा शेवटचा माणसाला ओरबाडतसुद्धा नाही, फक्त मिशा लावतो आणि त्याची तलवार गंजून गळून पडते. ड्रॅगनसमोर छाती काढून उभे राहणारे वीर याला पाहून पळतात. जीव गेला तर नवं पात्र फुकट मिळतं, तलवार मात्र पैसे मोजून घेतलेली असते.

जादूचं खातं तर निव्वळ काष्ठौषधींचं दुकान आहे. आगीचा गोळा फेकायला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. भिंतीतून वाट काढायची तर चिमूटभर तीळ. ते अलीबाबाच्या गुहेवरून आलेत, हे सुज्ञांना कळतंच. वीज पाडायला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची कांडी. दोन्ही एकमेकांवर घासली की ठिणगी का उडते, ते आठवीच्या विज्ञानात होतं. समोरच्याला हसवून लोळवायचं असेल तर छोटे गोड टार्ट हवेत भिरकावायचे आणि पीस हलवायचं. ही यादी लिहिणाऱ्याने मनापासून मजा केली आहे, आणि गंमत म्हणजे पुढच्या आवृत्त्यांनी ती तशीच जपली.

जुना जादूगार मंत्र सकाळी पाठ करायचा, एकदा म्हणायचा आणि म्हटल्याक्षणी तो डोक्यातून पुसला जायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री सनावळ्या पाठ करून पेपरात उतरवलेल्या आपल्या पिढीला हे निराळं समजावून सांगायला नको. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांमधली. त्याचे आभार म्हणून त्याच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून एका दुष्ट मांत्रिकाचं नाव ठेवलं गेलं: वेक्ना. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आगीच्या गोळ्यालाही मापं होती. पहिल्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत तो साधारण 33,000 घनफूट जागा भरायचा, आणि जागा अरुंद असेल तर तिच्या आकाराप्रमाणे पसरायचा. उघड्या मैदानात ठीक आहे. दहा फूट रुंद, दहा फूट उंच बोळात हाच हिशेब दोन्ही दिशांना मिळून 330 फूट लांब जातो. त्यांतल्या एका दिशेला जादूगार स्वतः उभा असतो. भागाकार न येणाऱ्या जादूगारांची त्या काळात फार हानी झाली.

नीतिमत्तेचेही चौकोन होते. कायदा पाळणारा, मोकाट आणि मधला हा एक अक्ष, चांगला, वाईट आणि मधला हा दुसरा. एकूण नऊ खाने, प्रत्येक पात्र एका खान्यात. इथवर समजलं. पण त्या काळात प्रत्येक वृत्तीची स्वतंत्र गुप्त भाषा असायची. साऱ्या जगातले सज्जन एकमेकांशी सज्जनांच्या भाषेत बोलत आणि दुर्जन दुर्जनांच्या. एखाद्याचं मन पालटलं, तर जुनी भाषा तो तत्क्षणी विसरायचा. आपल्याकडे पक्ष बदलणाऱ्यांना ही सोय अजून नियमाने मिळालेली नाही, बाकी व्यवहारात मिळतेच.

मराठी वाचकाला हक्काने डोकवावंसं वाटेल असं पान म्हणजे राक्षसाचं. 1977 च्या पुस्तकात 'राक्षस' या नावाने एक प्राणी आहे. मूळचा भारतातला, आता इतरत्र पसरतोय, माणसाचं मांस आवडतं, मायावी रूप घेण्यात पटाईत, अशी माहिती दिली आहे. इथवर आजीने सांगितलं तेच. पण चित्र बघावं तर वाघाच्या तोंडाचे हे महाशय अंगात झगा घालून तोंडात पाइप धरून ऐटीत बसलेत. त्यांना मारायचा हमखास उपाय: धर्मगुरूने मंतरलेला क्रॉसबोचा बाण. रामायणात हे कुठे आलं म्हणून कोणी पोथी उघडू नये. हे आलं 1974 सालच्या 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' या अमेरिकन टीव्ही मालिकेतून. तिच्या एका भागात शिकागोत राक्षस हिंडतो, समोरच्याला त्याच्या विश्वासातल्या माणसाचं रूप दाखवतो आणि क्रॉसबोच्या बाणाने मरतो. गायगॅक्सनी तो पाहिला आणि आपल्या लंकेचा रहिवासी विस्कॉन्सिनमार्गे जगभर गेला. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे पंजेही उलटे झाले, तळहात मागच्या बाजूला. आमच्या भुताचे पाय उलटे असतात. त्यांनी हात उलटे केले, एवढा फरक समुद्र ओलांडताना व्हायचाच.

राक्षसावर थांबले असते तर गोष्ट वेगळी. 1976 च्या एका पुरवणीत आणि मग 1980 च्या 'डेइटीज अँड डेमीगॉड्स'मध्ये देवांनाच आकडे लावले. ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन आणि त्यांच्या रांगेत इंद्र, अग्नी, विष्णू. प्रत्येकापुढे हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाऊन कोसळेल तो आकडा. लिहिणाऱ्यांना वाटलं, डीएमला संदर्भ होईल. खेळाडूंनी ते मारायच्या माणसांची यादी म्हणून वाचलं. ज्याला आकडा आहे त्याला मारता येतं, हे या खेळातलं जुनं सुभाषित आहे. असुरांनी इंद्राला पुन्हा पुन्हा इंद्रासनावरून खाली ओढलं, त्यांच्या हाती हे पुस्तक नव्हतं हे बरंच.

आणि नियमांत पळवाट शोधणं ही काही विस्कॉन्सिनची मिरास नाही. दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, असा वर मागणारा हिरण्यकशिपू हा या जातीच्या खेळाडूंचा आद्य पुरुष. त्याला उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला, अर्धा नर अर्धा सिंह होऊन उत्तर देणारा डीएमही तेवढाच तयारीचा. डी अँड डीतला 'विश' हा मंत्र याच परंपरेतला. काहीही मागा, शब्द जपून वापरा. शत्रू मेलेला असावा असं मागितलं, तर डीएम तुम्हालाच उचलून पुढच्या एखाद्या शतकात टाकू शकतो, जिथे तो म्हातारा होऊन कधीच मेलेला आहे. ही सूचना नियमपुस्तकातच छापली आहे.

1997 साली खेळ दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि 2000 साली तिसरी आवृत्ती आली. नियम सुटसुटीत, एकसंध, तर्कशुद्ध. तर्कशुद्ध झाल्यावर तर खेळाडूंचं फावलंच. कोणीतरी मांजराचे आकडे मांडले. मांजर सहा सेकंदांत दोन पंजे आणि एक चावा मारू शकतं, आणि लागला की प्रत्येक वार किमान एक हिट पॉइंट खातो. साध्या गावकऱ्याचे हिट पॉइंट एक ते चार. म्हणजे हिशेबाने घरची मनी घरमालकाला सहा सेकंदांत मरणाच्या दारी पोचवू शकते. राज्यात एकही गावकरी म्हातारा कसा झाला, हे कोडं आहे. उलट मोठ्या लेव्हलचा योद्धा कितीही उंच कड्यावरून पडला तरी इजा वीस फाशांच्या पुढे जात नाही. असे बरेच योद्धे पायऱ्या उतरण्याचा कंटाळा आला म्हणून कड्यावरून उडी मारतात.

बुडण्याच्या नियमात लिहिलं होतं की बुडू लागलेल्या माणसाचे हिट पॉइंट शून्यावर येतात. आता जखमांनी मरायला टेकलेल्याचे हिट पॉइंट असतात शून्याच्या खाली, उणे सात, उणे आठ. लगेच वैद्यक जन्माला आलं: मरणाऱ्याचं डोकं पाण्याच्या बादलीत बुडवा, तो शून्यावर येईल, म्हणजे सुधारेल. हा उपचार घरी करू नये, हे सांगणं माझं कर्तव्य आहे.

या सगळ्यावर कळस केला शेतकऱ्यांच्या रांगेने. खेळात सगळ्यांच्या हालचाली सहा सेकंदांच्या एकाच फेरीत होतात, आणि 'शेजाऱ्याने दिलं की मी पुढे देतो' असं आधीच ठरवून ठेवता येतं. मग हजारो शेतकरी ओळीने उभे करायचे आणि पहिल्याच्या हाती भाला द्यायचा. नियमाने तो सहा सेकंदांत मैलोन्‌मैल लांबच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो. त्या वेगाने सुटलेला भाला कुठलाही किल्ला फोडेल, असा दावा. 2024 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये अखेर छापावं लागलं की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे आणि माणसांच्या साखळीने भाला प्रकाशाच्या वेगाने फेकता येतो हा युक्तिवाद ऐकून घेऊ नका. ज्या ग्रंथात प्रेतं चालवायचे मंत्र आहेत, त्यात हा खुलासा.

वेक्नाकडे यायचं राहिलं. हा मांत्रिक नष्ट झाला, मागे त्याचा एक हात आणि एक डोळा उरला, अशी कथा. दोन्हींत अफाट शक्ती, पण वापरायचे तर आधी स्वतःचा हात तोडायचा, स्वतःचा डोळा काढायचा आणि त्या जागी वेक्नाचा बसवायचा. लोक आनंदाने करतात. खेळाडूंच्या वर्तुळात एक किस्सा सांगतात. एकाच डीएमकडे दोन टोळ्या खेळत होत्या. पहिलीने दुसरीची जिरवायला एक कुजकं मुंडकं सापळे लावून पुरून ठेवलं आणि अफवा उठवली: वेक्नाचं मस्तक सापडलंय! दुसरी टोळी सापळे फोडत, मार खात तिथे पोहोचली. मस्तक मिळालं. मग एकाने मान पुढे केली, सोबत्यांनी ती उडवली, नवं मस्तक धडावर ठेवलं आणि वाट पाहिली. काही झालं नाही. झालं नाही, याचा अर्थ त्यांनी असा लावला की आपलीच पद्धत चुकली. आणि पुढच्याची मान कोणाची, यावर वाद सुरू झाला.

राहता राहिला अर्थशास्त्राचा मुद्दा. भुयारात सापळे चाचपायला दहा फुटी काठी लागते. कान, हात आणि पाय गमावल्यावर खेळाडूंनी लावलेला हा शोध. तिसऱ्या आवृत्तीत या काठीची किंमत होती दोन चांदीची नाणी, म्हणजे वीस तांब्याची. त्याच यादीत दहा फुटी शिडीची किंमत पाच तांब्याची. शिडी म्हणजे दोन काठ्या आणि मधल्या पायऱ्या, हे कोणाच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? पाचाला शिडी घ्या, पायऱ्या मोडून टाका, दोन काठ्या विका. दुकानदार नियमाप्रमाणे निम्मीच किंमत देतो, तरी वीस हातात पडतात. ड्रॅगन मारायची गरजच काय? हे पहिल्यांदा ताडणारा खेळाडू पुढे सी.ए. झाला नसेल तर त्याच्या आईवडिलांनी जाब विचारावा.

2014 च्या आवृत्तीत भाव दुरुस्त झाले. आता काठी पाच तांब्याला, शिडी दहाला. पायऱ्या फुकट.